मृतांची माती आणि भाजीचा वाफा



नोव्हेंबर महिना जवळ आला म्हणजे ह्या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. कबरीवर संगमरवर बसवावा की साधा क्रूस पुरे. दोन तारखेच्या मिस्साला गावी जाता आले नाही तर मृतांसाठी काय करावे. कबरीच्या दुरुस्तीचा खर्च थोरल्या भावाने एकट्याने सोसावा काय. असे प्रश्न आपण दरवर्षी विचारता आणि मीही यथामती उत्तरे देत असतो. यंदा मात्र बेळगावच्या एका भगिनीने जो प्रश्न केला आहे, तो वाचून पत्र दोन दिवस मेजावर तसेच ठेवावे लागले.

त्यांचे थोरले बंधू गेली चाळीस वर्षे अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात राहतात. वय ऐंशीच्या घरात आहे. त्यांनी मृत्युपत्रात असे लिहून ठेवले आहे, की आपल्या देहाचे दफन करू नये, दहनही करू नये, तर त्याचे खत करावे आणि ती माती आपल्या मुलीच्या परसातील भाजीच्या वाफ्यात मिसळावी. ‘मेल्यावर तरी पोरीच्या ताटात दोन टोमॅटो माझ्याकडून पडतील,’ असे ते दूरध्वनीवर हसत हसत म्हणाले. भगिनी लिहितात : ‘दादा देवाला न मानणारे नाहीत. लहानपणी त्यांनीच मला जपमाळ शिकवली. हे पाप आहे काय? पाप नसेल, तर त्या दिवसापासून जेवताना माझा घास का अडतो? आणि मी त्यांस काय लिहू?’

प्रथम ही गोष्ट आहे तरी कशी, ते नीट समजून घेऊ. कारण ऐकीव माहितीवर राग धरणे फार सोपे असते. अमेरिकेत मानवी देहाचे खत करण्यास कायद्याने प्रथम मान्यता दिली ती वॉशिंग्टन राज्याने, मे २०१९ मध्ये. ह्या कल्पनेच्या पाठीशी असलेल्या कॅट्रिना स्पेड ह्या बाई वास्तुशास्त्राच्या विद्यार्थिनी होत्या. तिकडील शेतकरी मेलेली गुरे लाकडाच्या कपच्यांच्या ढिगात पुरून त्यांचे खत करतात, हे त्यांच्या ऐकण्यात आले, आणि जे गुराला लागू ते माणसाला का नव्हे, असा विचार त्यांच्या मनात आला. २०१८ साली तेथील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात सहा जणांच्या देहांवर, त्यांनी जिवंतपणी दिलेल्या संमतीने, प्रयोग करण्यात आला. डिसेंबर २०२० पासून सिॲटल शहराजवळ स्पेडबाईंच्या संस्थेचे प्रत्यक्ष काम सुरू झाले.

काम असे चालते. पोलादाच्या बंद पात्रात लाकडाच्या कपच्या, लसूणघास आणि पेंढा ह्यांचा थर पसरून त्यावर देह ठेवतात आणि वरून पुन्हा तेच थर घालतात. पात्रात हवा खेळती ठेवली जाते. मग सूक्ष्म जंतू आपले काम करू लागतात व त्यांच्याच उद्योगाने आतील उष्णता वाढते. ती निदान तीन दिवस ५५ अंश सेल्सिअसवर राहिली पाहिजे, म्हणजे रोगाचे जंतू मरतात. महिना-सव्वा महिन्यात मऊ भाग मातीत मिळून जातो. उरलेली हाडे यंत्रात भरडून पुन्हा त्याच मातीत घालतात आणि ती काही आठवडे मुरू देतात. क्षयरोगाने किंवा मेंदूच्या काही दुर्मिळ रोगांनी ज्यांस मृत्यू आला, त्यांचे देह घेत नाहीत. शेवटी हाती येते ती सुमारे २७ घनफूट, म्हणजे बैलगाडीभर, काळसर, ओलसर माती. घरच्यांनी हवी तेवढी न्यावी. बाकीची एखाद्या रानाची सुधारणा करण्यासाठी घातली जाते.

इंदूरच्या वाचकांस येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. पालापाचोळा, शेण व माती ह्यांचे थर रचून, ते वेळोवेळी चाळवून तीन महिन्यांत खत करण्याची जी शास्त्रशुद्ध रीत जगभर गेली, तिचे नावच मुळी ‘इंदूर पद्धत’ असे आहे. सर आल्बर्ट हॉवर्ड ह्यांनी ती १९२४ ते १९३१ ह्या काळात इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत सिद्ध केली आणि १९३१ मध्ये यशवंत वाड ह्यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथातून प्रसिद्ध केली. हॉवर्डसाहेबांचे सांगणे असे, की जमिनीतून जे घेतले ते जमिनीला परत केले पाहिजे. आपल्या शेतकऱ्याला हे नवे नाही. सोनखत घालणाऱ्याला तर मुळीच नाही. पण हॉवर्ड आणि वाड ह्यांच्या खड्ड्यात गुरांचा मलमूत्र जात असे, शेतातला काडीकचरा जात असे. गुरे राखणारा माणूस त्यात जात नसे. आज अमेरिकेत ही मर्यादा ओलांडली गेली आहे. वॉशिंग्टनच्या मागोमाग कोलोरॅडो, ओरेगॉन, व्हर्मॉन्ट, कॅलिफोर्निया आणि २०२२ च्या अखेरीस न्यूयॉर्क ह्या राज्यांनी तसे कायदे केले.

ह्यांपैकी कोलोरॅडोचा कायदा ह्या भगिनीच्या बंधूंनी स्वतः वाचलेला दिसत नाही. मे २०२१ मध्ये संमत झालेल्या त्या कायद्याने देहाचे खत करण्यास परवानगी दिली, परंतु त्याबरोबर तीन गोष्टींना मनाई केली. ही माती विकता येणार नाही. संबंधितांच्या संमतीवाचून दोघांची माती एकत्र करता येणार नाही. आणि माणसांनी खावयाचे अन्न पिकविण्यासाठी ती वापरता येणार नाही. म्हणजे दादांची अर्धी इच्छा त्यांच्याच राज्याच्या कायद्याने नाकारलेली आहे. फुलझाडे चालतील, टोमॅटो नाही.

ही तिसरी मनाई कशासाठी? केवळ रोगाच्या भीतीने म्हणावे, तर त्याच भीतीपोटी मातीतील जंतूंची आणि शिसे, पारा, आर्सेनिक अशा विषारी द्रव्यांची तपासणी करण्याची व्यवस्था आहेच. मला तर वाटते, कायदा करणाऱ्यांचाही घास कोठे तरी अडला. ते काही सगळे धर्मपंडित नव्हते. देहाची माती करण्यास त्यांनी हरकत घेतली नाही. पण ती माती बाजारात आणि ताटात जाऊ नये, एवढे भान त्यांस राहिले. माझ्या भगिनी, आपला घास अडतो तो अडाणीपणामुळे नव्हे.

ज्या काळी हे भान राहिले नव्हते, त्या काळाची हकीकत इतिहासात नमूद आहे. हाडांत चुना व फॉस्फरस असतो आणि हाडांची भुकटी घातली की पीक तरारते, हे इंग्लंडमधील शेतकऱ्यांस एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चांगले कळले होते. नोव्हेंबर १८२२ मध्ये तेथील वृत्तपत्रांत एक बातमी छापून आली. गेल्या वर्षभरात युरोपातून दहा लाख बुशेलांहून अधिक हाडे हल बंदरात उतरली, त्यांत जनावरांची होती तशी माणसांचीही होती. लाइपझिग, ऑस्टरलिट्झ, वॉटर्लू ह्या रणभूमी उकरून ती आणली, यॉर्कशायरच्या गिरण्यांत दळली आणि डॉन्कास्टरच्या बाजारात शेतकऱ्यांस विकली, असा तिचा आशय होता. बातमी लिहिणाऱ्याने कडवट शेरा मारला आहे, की मेलेला शिपाई हा मोठा किफायतशीर माल ठरला असून यॉर्कशायरचे शेतकरी आपली रोजची भाकर बहुधा आपल्याच मुलांच्या हाडांवर खात आहेत. जी रोजची भाकर आपण प्रार्थनेत मागतो, तीच ही. पुढे थोर जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग ह्यांनीही इंग्लंडवर आरोप केला, की त्याने परक्या रणभूमींवरील हाडे नेऊन आपली शेते पोसली.

वॉटर्लूची लढाई १८ जून १८१५ रोजी झाली. हजारो माणसे व घोडे तेथे पडले आणि मोठमोठ्या खड्ड्यांत पुरले गेले. तरी आज त्या भूमीचे उत्खनन करणाऱ्यांस माणसांचे सांगाडे फारच थोडे सापडतात. इतकी माणसे गेली कोठे, ह्याचा शोध इतिहासकारांनी अलीकडे, २०२२ मध्ये, पुन्हा घेतला. त्यांपैकी काहींच्या मते खतापेक्षाही साखरेने अधिक हाडे खाल्ली. १८३० नंतर बेल्जममध्ये बीटपासून साखर करण्याचे कारखाने निघाले, आणि साखरेचा रस शुभ्र होण्यासाठी तो हाडांच्या कोळशातून गाळावा लागे. कारखाने जवळ, हाडांना भाव चांगला आणि शेतात खड्डे कोठे आहेत हे गावकऱ्यांस ठाऊक. सरदारांच्या नावांच्या शिळा चर्चच्या भिंतींवर राहिल्या. उकरला गेला तो साधा शिपाई. ज्याच्या कबरीला नाव नव्हते, आणि ज्याची आई फार दूर होती.

आणखी एक उदाहरण देतो. ते लिहिताना हात जड होतो. पोलंडमधील लुब्लिन शहराजवळ मायदानेक येथे नाझींची छावणी होती. तेथे मारलेल्या माणसांची राख कचऱ्यात व मातीत कालवून तिचे खत केले जाई आणि ते छावणीच्या शेतात पडे. जुलै १९४४ मध्ये छावणी मुक्त झाली, तेव्हा ते ढीग तेथेच होते. पुढे ती राखमिश्रित माती गोळा करण्यात आली; १९६९ पासून एका विशाल घुमटाखाली ती उघडी ठेवलेली आहे आणि लोक तेथे जाऊन मस्तक लववितात. ऑशविट्झ येथेही राखेचा असा उपयोग झाला. तेथे १४ ऑगस्ट १९४१ रोजी दुसऱ्याच्या जागी आपला प्राण देणारे संत मॅक्सिमिलियन कोल्बे ह्यांचा देह दुसऱ्या दिवशी, स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दिवशी, भट्टीत जाळला गेला. त्यांची कबर कोठेही नाही.

आता कोणी म्हणेल, की दादांची तुलना नाझींशी करता काय? मुळीच नाही. तेथे बळजबरी होती, येथे एका वृद्ध पित्याची प्रेमाची इच्छा आहे. मी ही उदाहरणे दिली ती दोन गोष्टी ध्यानात याव्यात म्हणून. पहिली ही, की संत कोल्बे ह्यांचे त्यामुळे काही नुकसान झाले नाही. ख्रिस्ती माणसाच्या पुनरुत्थानाला खत, राख, मासा, वाघ ह्यांपैकी कशाचाही अडथळा होत नाही. दुसऱ्या शतकातील अथेनागोरस ह्यांच्या नावे असलेल्या ग्रंथात अगदी आपल्याच प्रश्नासारखा प्रश्न आला आहे : बुडालेल्या माणसाला माशाने खाल्ले, माशाला दुसऱ्या माणसाने खाल्ले, तर शेवटच्या दिवशी ते मांस कोणाचे? संत ऑगस्टीन ह्यांनीही आपल्या ‘देवाचे नगर’ ह्या ग्रंथाच्या बाविसाव्या भागात ह्याचा ऊहापोह केला आहे आणि ज्याचे ते प्रथम होते त्यालाच ते मिळेल, असा निर्वाळा दिला आहे. तेव्हा ‘टोमॅटोत गेलेला दादा उठेल कसा’ ही काळजी भगिनीने मनातून काढून टाकावी. ज्याने मातीतून माणूस घडविला, त्याला वाफा शोधावा लागणार नाही.

दुसरी गोष्ट ही, की कुजण्यात अपमान नाही. आपली भाषा तर हे फार मोकळेपणाने सांगते. आपण मयताला माती देतो. ‘मातीला जाऊन आलो’ असे म्हणतो. कबरीत मूठमूठ माती टाकून घरी परततो. जागेच्या टंचाईमुळे गोव्यात व इतरत्र काही वर्षांनी कबर उघडतात, हाडे काढून कोनाड्यात किंवा सर्वांच्या सामाईक अस्थिगृहात ठेवतात आणि त्याच जागी दुसऱ्याला विसावा देतात. जे मऊ होते ते एव्हाना त्या भूमीचे झालेले असते. ह्यात कोणालाही किळस वाटत नाही. मग पोलादी पात्रात आणि आपल्या कबरस्थानात फरक काय, असा प्रश्न दादांनी विचारलाच, तर तो न्याय्य प्रश्न आहे. तिकडच्या काही श्रद्धावंत कॅथलिकांनीही तो विचारला आहे.

फरक उपयोगाचा आहे. कबरस्थानात देहाची माती होते, पण ती कशासाठीही होत नाही. तेथे मृत माणसाकडून आपल्याला काही नको असते. जन्मभर तो कोणाच्या तरी उपयोगी पडला. घरासाठी कमावले, शेतात राबला, कचेरीत झिजला. आता त्याला त्या कामातून मोकळीक मिळाली. त्याच्यासाठी आपण काही करावयाचे, त्याने आपल्यासाठी नव्हे. मृतांना पुरणे ह्याची गणना दयेच्या कृत्यांत होते ती ह्याच कारणाने : ज्याच्याकडून परतफेड होणे शक्य नाही, त्याची ती सेवा आहे. जुन्या करारातील तोबीत ती जीव धोक्यात घालून करीत असे. खताच्या पात्रात मात्र देह जातो तो काहीतरी होण्यासाठी जातो. वॉटर्लूला हाच विचार व्यापाऱ्याच्या हाती गेला, आणि मग त्याला कोण आवरणार?

येथे नेत्रदानाचा दाखला कोणी देईल. नेत्रदानाला आणि अवयवदानाला ख्रिस्तसभेने नेहमीच चांगले म्हटले आहे. मग देहाचे खत देणे हेही दानच नव्हे काय? मला हा दाखला पटत नाही. आंधळ्याला माणसाचाच डोळा लागतो. त्याला दुसरा उपाय नाही. टोमॅटोला माणूस लागत नाही, त्याला शेण पुरते. हिशेबच करावयाचा तर करून पाहू. प्रौढ माणसाच्या देहात सुमारे ७०० ग्रॅम फॉस्फरस असतो, बहुतेक सगळा हाडांत. आपल्याकडे सिंगल सुपर फॉस्फेटचे जे ५० किलोंचे पोते मिळते, त्यात साडेतीन किलो फॉस्फरस असतो. म्हणजे पाच माणसांची हाडे दळावी, तेव्हा एक पोते भरते. वडिलांनी मुलीला द्यावे असे ह्याहून कितीतरी अधिक त्यांच्याजवळ आहे.

संत ऑगस्टीन ह्यांचेच आणखी एक लहान पुस्तक मृतांविषयी घ्यावयाच्या काळजीसंबंधी आहे; नोला येथील पॉलिनुस ह्यांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर म्हणून ते लिहिले गेले. त्यात ते स्पष्ट म्हणतात, की दफनाचा सोहळा मृताला मदत करण्यापेक्षा जिवंतांचे सांत्वन अधिक करतो. पण लगेच पुढे सांगतात, की वडिलांचे वस्त्र किंवा अंगठी जर मुले प्रेमाने जपून ठेवतात, तर जे शरीर वस्त्राहून कितीतरी जवळचे होते, ते कसे तुच्छ मानता येईल? त्यांची आई संत मोनिका ३८७ साली परमुलखात, ओस्तिया बंदरात, मरणशय्येवर पडली, तेव्हा ‘मला कोठेही पुरा, पण देवाच्या वेदीजवळ माझी आठवण ठेवा’ अशा अर्थाचे बोलली. गावच्या कबरीचा हट्ट तिने सोडला. आठवणीचा सोडला नाही.

आता ख्रिस्तसभेचा नियम सांगतो. दहनावरील बंदी ५ जुलै १९६३ रोजी सैल करण्यात आली, हे आपणांपैकी वयस्कर मंडळींस आठवत असेल. तरीही दफनच अधिक पसंत, असे धर्मनियमांत आजही आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये रोमहून प्रसिद्ध झालेल्या आदेशात रक्षा पवित्र स्थळी ठेवावी, ती वाऱ्यावर, पाण्यात किंवा जमिनीवर विखरू नये, दागिन्यांत घालू नये, असे सांगितले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये दिलेल्या खुलाशाने थोडी सवलत मिळाली : रक्षेचा अल्पसा भाग मृताला प्रिय असलेल्या योग्य स्थळी ठेवण्याचा विचार धर्माधिकारी करू शकतील. देहाच्या खतासंबंधी मात्र अमेरिकेतील बिशपांच्या धर्मसिद्धान्त समितीने मार्च २०२३ मध्ये नकार दिला. त्यांचे मुख्य कारण साधे आहे. दहनानंतर जे उरते ते त्या माणसाचेच असते व ते एकत्र ठेवून पुरता येते. येथे माणूस आणि पेंढा ह्यांचा असा एकजीव गोळा होतो, की ‘हे आमचे वडील’ म्हणून निराळे काही पुरावयास राहतच नाही. आणि ती माती बागेत पसरा असे सांगितले जाते. ही गोष्ट दादांच्या राज्यालाही लागू आहे.

तेव्हा ‘पाप आहे काय’ ह्या प्रश्नाला माझे उत्तर असे : ख्रिस्तसभेला ही रीत मान्य नाही, आणि मान्य नाही हे कळल्यावर श्रद्धावंताने ती निवडू नये. ज्याने अज्ञानाने आणि पोरीच्या मायेने ती निवडली, त्याला पापी म्हणणे हे आपले काम नव्हे. दादा अजून जिवंत आहेत, हे सर्वांत मोठे भाग्य. त्यांना नियमांचे कात्रण पाठवू नका, पत्र लिहा.

त्या पत्रात त्यांच्या इच्छेतील चांगला भाग आधी मान्य करावा. पृथ्वीवर आपला भार नको, महागडी पेटी नको, देहात औषधे भरून तो रंगवणे नको. ह्यात गैर काय? हे सर्व दफनातही साधते. ट्रॅपिस्ट मठवासी पेटीवाचून, अंगावरच्या झग्यानिशी, थेट मातीत पुरले जातात. अमेरिकेतील काही कॅथलिक कबरस्थानांत साध्या कापडात किंवा कच्च्या लाकडाच्या पेटीत, औषधावाचून, गवताच्या कुरणात पुरण्याची सोय आहे. तेथेही कालांतराने माती होईल; गवत उगवेल, फुले येतील. २०२५ च्या एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस ह्यांस रोममधील संत मारिया माज्जोरे मंदिरात ठेवले, ते त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणे जमिनीत, साध्या कबरीत, वर फक्त त्यांचे लॅटिन नाव. एवढेच मागावे : जमीन आणि नाव.

आणि मुलीचाही विचार करण्यास दादांना सांगावे. अमेरिकेत घरे वरचेवर विकली जातात. दहा वर्षांनी तिची बदली झाली, तर परस दुसऱ्याचे होईल. नवा मालक त्या वाफ्यावर मोटारीसाठी फरसबंदी करील. मग वडिलांच्या स्मृतिदिनी ती मेणबत्ती कोठे लावणार? जर्मनीच्या उत्तरेकडील श्लेस्विग-होल्श्टाईन प्रांतात २०२२ पासून देहाची अशी माती करण्याचा प्रयोग झाला, पण तेथे ती माती घरी देत नाहीत. ती कबरस्थानातच पुरावी लागते. ह्यामुळे ख्रिस्तसभेचा आक्षेप संपत नाही, परंतु मुलीला उभे राहण्यास जागा लागते, एवढे त्या लोकांनी ओळखले, हे त्यांच्या बाजूने नोंदले पाहिजे.

इतके करूनही दादांनी ऐकले नाही आणि ती माती घरी आलीच, तर? माझे मत विचाराल, तर ती भाजीत नको, कुंडीत नको आणि ओढ्यातही नको. मुलीने आपल्या धर्मगुरूंस सर्व हकीकत मोकळेपणाने सांगावी, जेवढी मिळेल तेवढी माती एकत्र ठेवून कबरस्थानात पुरता येईल काय ते विचारावे आणि वर नाव लिहावे. मृतासाठी मिस्सा अर्पण करण्यास तर कोणाच्याही परवानगीची वाट पाहावयास नको. बेळगावच्या भगिनीने ती आपल्या गावी सांगावी.

ह्याच विषयाला लागून गोव्याहून एका गृहस्थांचा लहानसा प्रश्न आहे. त्यांच्या गावच्या कबरस्थानात जुने आंब्याचे झाड आहे. मुले आंबे पाडून खातात आणि म्हाताऱ्या ओरडतात, की ते मेलेल्यांचे आंबे आहेत. खावे की न खावे? खुशाल खावे. त्या झाडाची मुळे कोठवर गेली आहेत हे आपण विचारत नाही आणि विचारू नये. त्या आंब्यांसाठी तेथे कोणालाही पुरलेले नाही. मात्र मुलांनी कबरींवर चढून दगड मारू नयेत. आणि फळांचा लिलाव होत असेल, तर ते पैसे कबरस्थानाच्या कुंपणाला लावावेत. गुरे आत शिरतात, अशीही तक्रार त्याच पत्रात आहे.